डाव्या पट्टीचं एक पेर

सुतार दहा वाजता यायचा होता, तो साडेआठलाच दारात उभा. ताईला हे काही बरं लक्षण वाटलं नाही. काम ठीकठाक झालं असलं की हा माणूस तीन दिवस उशिरा येतो आणि वर आपल्यालाच चार शब्द ऐकवतो. वेळेआधी आला म्हणजे काहीतरी नक्की बिनसलेलं असणार.

त्यानं खांद्यावरचं पोतं उतरवलं. आत मूर्तिकामाच्या मापाच्या तीस नव्या लाकडी पट्ट्या होत्या, पंधरा डाव्या आणि पंधरा उजव्या. नमुन्याला नेलेल्या घरच्या दोन जुन्या पट्ट्या मात्र त्यानं फडक्यात गुंडाळून बगलेत धरून आणल्या होत्या.

"भाऊ कुठे आहे?"

"आत दाढी करतोय. सकाळपासून दुसऱ्यांदा."

"मग तुमच्याशीच बोलतो, ताई. भाऊ एकदम अंगावर येतो. तुम्ही आधी ऐकून तरी घेता."

"ऐकून घेते आणि मग अंगावर येते. बोला."

सुतारानं फडकं सोडलं, दोन्ही जुन्या पट्ट्या ताईच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या, वरची टोकं जुळवली आणि बाजूला झाला. वरून खाली खाचेला खाच बरोबर मिळत होती. खालच्या टोकाला मात्र डावी पट्टी उजवीपेक्षा बोटाच्या एका पेराएवढी आखूड होती.

"मी आपल्या आहेत तशाच केल्यात," सुतार म्हणाला. "पंधरा लांब, पंधरा आखूड. पण मनाला काही पटेना. जोडीच्या पट्ट्या म्हणता, मग जोडी जुळायला नको? की तुमच्यात असंच असतं?"

आमच्यात कसं असतं, हे ताईनं त्याला काय सांगावं? या घरात एका दगडावर दोन माणसं बसतात. ताईच्या आजोबांच्याही आधीपासूनची ही रीत. एकानं मूर्तीची उजवी बाजू घडवायची, दुसऱ्यानं डावी, आणि नाकाच्या रेषेवर दोघांनी भेटायचं. ज्याची त्याची पट्टी वेगळी. ती दगडाच्या पायथ्याशी उभी करायची आणि खाचा बघत खुणा करत वर जायचं: गुडघा, कोपर, खांदा. काम झालं की उजवी पट्टी उजव्या भिंतीवर, डावी डाव्या भिंतीवर. त्या एकत्र ठेवायच्या नाहीत, असा ताईच्या वडिलांचा, अण्णांचा, कडक नियम. का, म्हणून कुणी विचारलं तर म्हणायचे, "भांडतात." अण्णांच्या तीन मुलांनी हा नियम उभा जन्म पाळला. ताईनं तर एकदा भिंतीला रंग देताना दोन्ही पट्ट्या दोन वेगळ्या खोल्यांत नेऊन ठेवल्या होत्या. भांडायला नकोत म्हणून.

आणि या घरात डावी बाजू उतरते. म्हणजे डावा खांदा उजव्यापेक्षा खाली येतो. धाकटा भाऊ चार वर्षं डावीकडे बसला, त्याची बाजू उतरायची. अण्णांनी, थोरल्या भाऊनं, येणाऱ्या-जाणाऱ्यानं इतकं ऐकवलं की विसाव्या वर्षी त्यानं छिन्नी ठेवली आणि शाळेत चित्रकला शिकवायला गेला. तेव्हापासून घरातसुद्धा त्याला सगळे मास्तरच म्हणतात. काही वर्षांनी त्याच्या जागी ताई बसली, तर तिचीही बाजू उतरायला लागली. ज्याची बाजू उतरते त्यानंच निस्तरायची, म्हणून डावीकडच्या जुन्या युक्तीप्रमाणे ताई मूर्तीची मान जराशी उजवीकडे कलवायची. खांदा पडलेला मग दिसायचा नाही. मूर्तीतली बसलेली बाई शेजारच्या खोलीतलं काहीतरी कान देऊन ऐकतेय, असं वाटायचं. अण्णांच्या तरुणपणीच कुणा जाणकारानं यावर एका पुस्तकात पानभर लिहिलं आणि तेव्हापासून लोक दुरून येऊन 'ऐकणारी मूर्ती' मागायला लागले. कौतुक अण्णांचं झालं, त्यांच्यामागून भाऊचं. ताईच्या वाट्याला आलं ते एकच वाक्य: तुझी बाजू उतरते.

दोनच महिन्यांपूर्वी ते तिनं पुन्हा ऐकलं होतं. जुन्या पद्धतीचं मूर्तिकाम गावातल्या कलाकारांना शिकवायला एक संस्था निधी देते, ही बातमी भाऊच्या मुलीनं, चिमणीनं आणली. दहा आठवडे, पंधरा शिकाऊ, दगड आणि हत्यारं संस्थेची. चिमणीनं अर्ज भरला, तो पहिल्या चाळणीतून पार पडला, आणि आज दुपारी तीन वाजता संस्थेच्या बाई प्रत्यक्ष बघायला येणार होत्या. अर्जात 'शिक्षक' म्हणून एक रकाना होता. ताईनं आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं. म्हणाली, माझं नाव घाला, मला शिकवायचंय. अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि इतक्या मायेनं म्हणाले की भांडताही येईना, "ताई, तुझी बाजू उतरते. बाहेरच्यांसमोर बरं दिसेल का?" रकान्यात भाऊचं नाव गेलं. त्याच्या खाली 'मदतनीस' असं होतं, तिथं ताईचं.

ताईनं डाव्या पट्टीचं खालचं टोक अंगठ्यानं चाचपलं. ते झिजलेलं नव्हतं. तुटलेलं होतं. मग कुणीतरी कानशीनं घासून गोल केलेलं, वरून तेल चोळलेलं. हात नवशिक्याचा, पण काम अगदी मन लावून केलेलं.

तिला आधी हसू आलं. मग इतका राग आला की टेबलाची कड धरून उभं राहावं लागलं.

"पाणी देऊ का?" सुतारानं विचारलं.

"नको. तुम्ही जा निवांत. पट्ट्या छान झाल्यात."

*

पुढच्या दालनात सगळं घर जमलं होतं. अण्णा केस कापून, स्वच्छ सदरा घालून खुर्चीत बसले होते. वय चौऱ्याऐंशी, हात कापतात, पण हुकूम सोडायला हात लागत नाहीत. मास्तर फळ्यावर रंगीत खडूनं 'सुस्वागतम' लिहीत होता आणि शाळेतल्या सवयीनं खाली दोनदा रेघ ओढत होता. चिमणी मांडीवर फाइल घेऊन बापाला पढवत होती.

"बाबा, बाईंनी विचारलं की तुमच्या पद्धतीचं वैशिष्ट्य काय, तर काय सांगाल?"

"दगड फोडतो," भाऊ म्हणाला.

"बाबा."

"बरं. मन लावून फोडतो."

ताई आत आली आणि अण्णांच्या समोरच्या स्टुलावर तिनं दोन्ही पट्ट्या आडव्या ठेवल्या. शेजारी शेजारी. वरची टोकं जुळवून.

पहिल्यांदा कुणाला काही कळलंच नाही. कळलं ते एकट्या अण्णांना. त्यांनी पट्ट्यांकडे बघितलं, ताईकडे बघितलं आणि सावकाश डोळे मिटले.

"झोपायचं नाटक करू नका, अण्णा. तुम्ही झोपलात की घोरता."

"एकत्र कशाला ठेवल्यास?" अण्णा डोळे न उघडता म्हणाले. "भांडतात त्या."

"भांडू देत. तेवढ्यासाठीच आणल्यात."

आता भाऊ उठून आला. त्यानं वाकून पाहिलं, पट्ट्या उलटसुलट करून पुन्हा लावल्या. "सुतारानं कापली," तो म्हणाला. "त्याला आत्ता बघतो."

"सुताराच्या जन्माआधीची तूट आहे ही. टोकाचा रंग बघ. वर तेलाचा थर बघ."

"मग वाळवी लागली असेल."

"वाळवी कानशीनं घासून जात नाही, भाऊ."

मास्तरच्या हातातला खडू तसाच राहिला होता. तो फळ्यापासून स्टुलापर्यंत आला, डावी पट्टी उचलली आणि आपल्या पेराशी लावून बघितली. चाळीस वर्षांत त्यानं तिला हात लावला नव्हता. "एक पेर," तो म्हणाला. मग अण्णांना म्हणाला, "माझा खांदा किती उतरायचा, अण्णा? तुम्हीच मोजून सांगायचात."

अण्णांनी डोळे आणखी घट्ट मिटले.

"एक पेर उतरायचा," मास्तर म्हणाला. "दर वेळी. मी म्हणायचो, इतकं नेमकं चुकायला सुद्धा हात तयार लागतो. तुम्ही म्हणायचात, उलट बोलू नकोस."

"आजोबा," चिमणी म्हणाली, "मी अर्जात 'तीन पिढ्यांची अचूक मापं' असं लिहिलंय. जाड अक्षरात."

तेव्हा अण्णांनी डोळे उघडले. "चेंडू छपरावर अडकला होता," ते म्हणाले.

"कुठला चेंडू?"

"माझा. मी चौदा वर्षांचा होतो. काठी सापडेना, ही पट्टी सापडली. दोन पन्हळ्यांच्या मधे घातली, जोर लावला, टोक आतच राहिलं. चेंडूही तिथंच राहिला." त्यांनी घसा साफ केला. "वडील गावाला गेले होते. संध्याकाळी यायचे होते. मी घासली, तेल लावलं, भिंतीवर टांगली. आणि दुसऱ्या भिंतीवर दुसरी."

"आणि भांडतात म्हणून सांगितलंत."

"वडिलांना सांगितलं, एका बैराग्यानं सांगितलंय. त्यांचा अशा गोष्टींवर विश्वास असायचा."

भाऊ खो खो हसत सुटला. ताईलाही हसू येत होतं, पण तिनं ते दाताखाली दाबलं, कारण आज हसली तर राग निसटेल आणि पुन्हा हाताला लागणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

"मी सात वर्षं बसलो डावीकडे," अण्णा म्हणाले. "वडिलांच्या शिव्या खाल्ल्या सात वर्षं. मान कलवायची युक्ती माझीच. वडील गेले तेव्हा मी उजवीकडे सरकलो."

"आणि पट्टी दुरुस्त करायचं?"

"तोवर लोक ऐकणाऱ्या मूर्ती मागायला लागले होते ना. पट्टी सरळ केली असती तर आपल्या बायका चारचौघींसारख्या ताठ बसल्या असत्या. कोण आलं असतं मग?"

"ते ठीक. पण आम्हाला सांगायचं?"

अण्णांनी सदऱ्याचं बटण उगाच काढलं आणि पुन्हा लावलं. "राहून गेलं."

"तेहतीस वर्षं राहून गेलं?"

"दिवस कसे जातात कळत नाही, ताई."

एवढ्यावर मास्तरही हसला, पण त्याचे डोळे भरून आले होते आणि तो तोंड फळ्याकडे वळवून 'सुस्वागतम'ला तिसरी रेघ ओढत होता.

पहिली सावरली चिमणी. या पोरीला संकटात फाइल दिसते. "हे बघा," ती म्हणाली, "तीन वाजता बाई येतील. त्यांना आपण काही सांगायचं नाही. मंजुरीचं पत्र येऊ दे, मग निवांत खरं बोलू."

"बरोबर," भाऊ म्हणाला.

"बरोबर कसं?" मास्तर गर्रकन वळला. एरवी या दोन भावांत तो कायम थोरल्याची री ओढणारा. "पंधरा जणांना तुटकी पट्टी देऊन शिकवायचं? त्यातल्या निम्म्यांना आपला हात वाईट आहे असं वाटेल. उद्या ते शाळेत चित्रकला शिकवायला जातील. तेवढ्या शाळा तरी आहेत का?"

"तू मधे बोलू नकोस, तू हे काम कधीच सोडलंस."

"सोडलं नाही. सोडायला लावलं."

"मी मेल्यावर सांगा," अण्णांनी तोडगा काढला. "फार वाट बघायला लावणार नाही."

"हे तुम्ही गेली पंधरा वर्षं सांगताय," ताई म्हणाली. "अण्णा, मला फक्त एक सांगा. माझी बाजू उतरत होती की पट्टी?"

अण्णांनी खुर्चीचे हात धरले. त्यांना माहीत होतं, सगळ्यांना माहीत होतं. पण चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला मुलांसमोर एक वाक्य बोलणं किती जड जातं, ते त्या दिवशी त्या दालनात सगळ्यांनी पाहिलं. त्यांचे ओठ हलले आणि मग ते म्हणाले, "पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडल्या का?"

"बरं," ताई म्हणाली. "मग मी आज डावीकडे बसणार नाही."

"म्हणजे?" भाऊनं विचारलं.

"बाईंना प्रात्यक्षिक दाखवायचंय ना? तू शिक्षक आहेस. तूच दोन्ही बाजू कर. मान पण तूच कर. माझी बाजू उतरते, बाहेरच्यांसमोर बरं दिसणार नाही."

"अगं, त्यात काय," भाऊ म्हणाला. "मान काय, होते ती."

*

संस्थेच्या बाई बरोबर तीनला आल्या. सडपातळ, पायात धुळीला न घाबरणारे बूट आणि चेहऱ्यावर असं काही नाही की ज्यावरून अंदाज बांधावा. बरोबर शिकू इच्छिणारे चौघे होते: घरांच्या पाट्या कोरणारी एक बाई, एक कुंभार, एक खेळणी करणारा आणि फरशी बसवणारा एक गडी, ज्याला फरशीपेक्षा जाड काहीतरी करून बघायचं होतं.

ताई मदतनिसाच्या जागी, म्हणजे पाण्याच्या बादलीपाशी, हात बांधून उभी राहिली.

मधोमध अर्धी झालेली मूर्ती होती. अंग झालेलं, चेहरा ओबडधोबड, मान अजून दगडातच. भाऊनं सुरुवात फक्कड केली. उजव्या खांद्यावर छिन्नी अशी चालवली की कुंभार बसल्या जागेवरून पुढे सरकला. भाऊचा हात खरंच सुंदर आहे, ताईला हे कधी नाकबूल नव्हतं.

"आणि ती मान?" बाईंनी विचारलं. "मी मुख्यतः त्यासाठी आलेय. अर्जात त्यावर दोन पानं आहेत."

चिमणीनं फाइल छातीशी धरली.

भाऊ उठून मूर्तीच्या डावीकडे आला. त्यानं छिन्नी मानेच्या खालच्या अंगाला लावली. काढली. वरच्या अंगाला लावली. हातोडा उचलला आणि तसाच धरून ठेवला. त्याच्या कपाळावर घाम आलेला ताईला बादलीपासूनसुद्धा दिसत होता. एक ठोका चुकीचा पडला तर तीन महिन्यांचं काम गेलं. त्यानं तिच्याकडे बघितलं. ती छताकडे बघत होती. वीस मोजेपर्यंत ती छताकडे बघत राहिली, आणि हे तिला चांगलं जमतंय याचं तिला फार समाधान वाटलं.

मग भाऊनं हातोडा खाली ठेवला.

"मला मान येत नाही," तो म्हणाला.

"बाबा," चिमणी हळूच म्हणाली.

"नाही येत तर नाही येत. आमच्याकडे मान ताई करते. प्रत्येक मूर्तीची तिनंच केलीय. मी बाजूला बसून आज कुठली छिन्नी घेतलीस म्हणून विचारत असतो, बाकी काही नाही." तो बाईंकडे वळला. "अर्जात नाव चुकलंय."

"चुकलं कसं?"

भाऊला उत्तर द्यावं लागलं नाही. मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. अण्णा उभे राहत होते. मास्तर धरायला धावला, त्यांनी त्याचा हात झटकला, मग पुन्हा शोधून तोच धरला.

"ते मी सांगतो," अण्णा म्हणाले.

आणि त्यांनी सगळं सांगितलं. चेंडू, छप्पर, कानस, बैरागी. सांगताना मधे मधे रंगातही आले, ती त्यांची खोड आहे. चेंडू कुठल्या रंगाचा होता हेही सांगितलं. चौघे शिकाऊ हसत होते. बाईंच्या ओठांची सरळ रेघ हलत नव्हती. शेवटाकडे आल्यावर मात्र अण्णांचा आवाज खाली गेला.

"हा माझा धाकटा," मास्तरचा हात न सोडता ते म्हणाले, "याचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. आणि ही माझी मुलगी. तेहतीस वर्षं मी तिला म्हणतोय, तुझी बाजू उतरते. तिची बाजू कधीच उतरली नाही. पट्टी उतरत होती, आणि पट्टी मी मोडली होती." त्यांनी ताईकडे बघितलं. "सकाळी विचारलंस. आत्ता सांगतोय. उशीर झाला."

ताईला वाटत आलं होतं की हे वाक्य ऐकलं की आपण खूप काही बोलू. तिनं मनात जुळवूनही ठेवलं होतं. प्रत्यक्षात तिला बादलीच्या कडेवर बसावं लागलं, आणि बादली पाण्यानं भरलेली असल्यामुळे तिचा पदर भिजला. पाट्या कोरणाऱ्या बाईनं तिला हात दिला.

"म्हणजे," संस्थेच्या बाई म्हणाल्या, "मी चार तास प्रवास करून एका चेंडूपायी आले."

त्या मूर्तीभोवती एक फेरी मारून आल्या.

"बरं. मला एक सांगा. आमचा निधी जुन्या पद्धतीसाठी आहे. या घराची जुनी पद्धत कुठली? सरळ पट्टी की तुटकी?" त्यांनी हे अण्णांना विचारलं नाही, भाऊलाही नाही. त्या सरळ ताईकडे बघत होत्या.

ताई उठली. पदर पिळला. आपण हे असं ओल्या कपड्यांत, इतक्या माणसांसमोर बोलू, असं तिला कधी वाटलं नव्हतं. पण शब्द आले, कारण दुसऱ्या कशाचा तिनं इतकी वर्षं विचारच केला नव्हता.

"पट्टी सरळच द्यायची," ती म्हणाली. "एका दगडावर दोघांनी बसायचं, मधल्या रेषेवर भेटायचं, ही आमची पद्धत. ती खूप जुनी आहे, अण्णांच्या चेंडूच्या फार आधीची. ती आधी नीट यायला हवी. मान मी नंतर शिकवीन. सरळ खांद्यांवर कलती मान कशी बसवायची ते मलाही बघावं लागेल, मी ती कायम पडक्या खांद्यावरच केलीय. पण ज्याला मूर्तीला ऐकायला लावायचंय त्यानं ते ठरवून करावं. निस्तरण्यासाठी नको."

"आणि ज्याला नाही जमलं?"

"त्याला मी आधी त्याची पट्टी मोजायला सांगीन."

तेव्हा कुठे बाईंच्या ओठांची ती रेघ थोडी वाकली. त्यांनी चिमणीकडून फाइल घेतली, 'शिक्षक' या रकान्यात भाऊचं नाव होतं त्यावर काट मारली आणि पेन ताईच्या हातात दिलं. "तुम्ही स्वतः लिहा. माझी शिफारस मी आजच पाठवते. मंजुरी वरून यावी लागते, पण आजवर माझं लिहिलेलं कुणी परत पाठवलेलं नाही."

"आणि मदतनीस?" चिमणीनं विचारलं. "तिथं आत्याचं नाव आहे."

"तिथं माझं घाला," भाऊ म्हणाला. "बादली भरता येते मला. आणि तिच्यावर बसू नये एवढंही कळतं."

सगळे हसले, ताईसुद्धा. तिनं रकान्यात नाव लिहिलं.

मग ती अंगणात गेली आणि सगळे तिच्या मागोमाग. घरच्या कामासाठी आणून ठेवलेले कोरे दगड तिथं ओळीनं उभे होते. तिनं सुताराच्या पोत्यातल्या लांब पट्ट्या तेवढ्या काढल्या आणि चौघांच्या हातात एकेक दिली. कुंभार आणि पाट्यावाली एका दगडावर, उरलेले दोघे दुसऱ्यावर. कुणी कुठे बसायचं ते तिनं सांगितलं, त्यांनी ऐकलं. इतकं सोपं असतं हे, तिला माहीत नव्हतं.

तिसऱ्या दगडापाशी मास्तर उभा होता. त्यानं अंगातला कोट काढून कुंपणावर टाकला होता. शाळेच्या निरोप समारंभाचा कोट तो, आजच्यासाठी इस्त्री करून आणलेला.

"ताई, मला एक दे."

"तुझं वय काय, मास्तर?"

"साठ. अर्जात वयाची अट नाहीय, मी वाचलाय." तो गमतीनं बोलला आणि मग हात पुढे केला. "मला माझी बाजू एकदा बघायचीय."

ताईनं पट्टी दिली. भाऊ आपणहून उजवीकडे जाऊन उभा राहिला. मास्तरनं डावीकडे पायथ्याशी पट्टी उभी केली, खालचं टोक दोनदा चाचपून बघितलं आणि खाचा मोजत वर गेला. विसाव्या वर्षी मोजायचा तशाच, ओठांनी, आवाज न करता. खांद्याच्या जागी त्यानं खडूची खूण केली. भाऊनं आपल्या बाजूला केली. ताईनं एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत दोरा ताणून धरला आणि चिमणीनं दोऱ्याच्या बरोबरीनं पाणसळ लावली. काचेतला हवेचा बुडबुडा थोडा इकडे गेला, थोडा तिकडे गेला आणि मधोमध येऊन थांबला.

मास्तर खाली वाकून त्या बुडबुड्याकडे बघत राहिला. दारात उभ्या असलेल्या अण्णांनी तोंड फिरवलं.

"रडायचं असेल तर कुंपणाबाहेर जाऊन रड," ताई म्हणाली. पंधरा जणांना शिकवायचं तर सवय करायला हवी. "नाहीतर छिन्नी धर. माझ्या वर्गात नुसतं बघत बसलेलं चालायचं नाही."

मास्तरनं बाहीला नाक पुसलं आणि छिन्नी धरली.